यांचे मार्फत

घरात मुलं ठेवून घ्यायची कल्पना माझी नव्हती. लोक "किती मोठं मन हो तुमचं" म्हणतात तेव्हा मी विषय बदलते, कारण सुरुवातीला नको म्हणणारी मीच होते. एका रविवारी आमचे हे जांभळी नाक्यावर भाजीला गेले आणि मेथी, लिंबं आणि एक पत्रक घेऊन आले. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या, किंवा घर सोडून आलेल्या तरुण मुलांना काही महिने आपल्या घरात जागा द्याल का, असं त्यावर विचारलं होतं. मी मेथी निवडली आणि देठांबरोबर ते पत्रकही गुंडाळून टाकलं. ह्यांनी केराच्या डब्यातून ते परत काढलं, पुसलं आणि फ्रीजवर चिकटवलं.

आम्ही नौपाड्यात राहतो. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. हे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून निवृत्त झाले, मी पोस्टातून. छत्तीस वर्षं केली नोकरी. सॉर्टिंगपासून काउंटरपर्यंत सगळं. मुलगा बंगळुरूला. त्याची खोली म्हणजे इस्त्रीचे कपडे आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवायची जागा झाली होती.

पत्रक महिनाभर फ्रीजवर राहिलं. शेवटी "नुसतं ऐकून तर येऊ" म्हणून ह्यांनी मला त्या संस्थेच्या बैठकीला नेलं. संस्था अगदी छोटी आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यांना प्रसिद्धी नको असते. माझं मत तिथे बदललं ते एका फारच कोरड्या माहितीमुळे. बैठक घेणारी ताई सांगत होती, की बालगृहात वाढलेल्या मुलाच्या आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा असतो. संस्थेच्या अधीक्षकांच्या सही-शिक्क्यावर ते कार्ड निघतं. अठरा पूर्ण झाली, मुलगा बाहेर पडला, की कार्ड खिशात असतं पण त्यावरच्या पत्त्यावर तो राहत नसतो. नोकरीच्या ठिकाणी कार्ड दाखवलं की समोरचा पत्ता वाचतो आणि चेहरा बदलतो. खोली बघायला गेला तर तेच. आणि नवा पत्ता लावायचा तर आधी पत्ता हवा.

छत्तीस वर्षांत मी किती पाकिटांवर 'लेफ्ट', म्हणजे माणूस पत्ता सोडून गेला, असा शेरा पाहिला असेल, त्याला गणती नाही. बटवड्याला गेलेला पोस्टमन परत येतो, पाकीट टेबलावर टाकतो आणि ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. त्या माणसाचं पुढे काय होतं याचा विचार मी कधी केला नव्हता.

ताईने कायदाही सांगितला. २०१५ च्या बालन्याय कायद्यात अठरानंतरच्या मदतीची तरतूद आहे, कलम ४६. नियमांप्रमाणे एकवीसपर्यंत आणि अपवाद म्हणून त्यापुढे आणखी दोन वर्षं आधार देता येतो. त्यासाठी अनुरक्षणगृहं आहेत, म्हणजे अठरानंतरच्या मुलांना राहायच्या संस्था. पण सगळ्यांनाच तिथे जायचं नसतं. दहा-बारा वर्षं घंटेवर उठून घंटेवर जेवलेल्या मुलाला पुन्हा एका घंटेच्या घरात जायचं नसेल, तर त्याचं काय चुकलं?

आम्ही अर्ज भरला.

त्यानंतरचे तीन महिने आमचीच परीक्षा झाली. दोघांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते. अर्ज ऑनलाइन, पण पुढे पोलीस ठाण्यात बोलावतात. तिथल्या हवालदारांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, "काका, परदेशी चाललात का?" ह्यांनी सगळं समजावून सांगितल्यावर ते जरा थांबून म्हणाले, "बघा बुवा. सांभाळून." हे वाक्य पुढे आम्ही इतक्या जणांकडून ऐकलं, की आता घरात काहीही करायचं असलं, अगदी कुकर उघडायचा असला, तरी एकमेकांना "बघा बुवा, सांभाळून" म्हणतो.

मग गृहभेट. ताई आणि एक समुपदेशक आले. खोलीला आतून कडी आहे का, बाथरूमची कडी नीट लागते का, हे आधी पाहिलं. चहा झाल्यावर विचारलं, "घरात चिडतं कोण?" हे तत्काळ म्हणाले, "ही." "दार आपटतं कोण?" पुन्हा "ही." मला वाटलं, झालं, नापास. पण त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे गेले. शांत घर शोधत नाही, असं ताईने नंतर सांगितलं. जे आहे ते आधीच सांगणारं घर शोधतो.

दोन रविवार प्रशिक्षण झालं. बरंचसं आता आठवतही नाही, पण दुसऱ्या रविवारी स्वतः बालगृहात वाढलेली एक तेवीस वर्षांची मुलगी बोलायला आली होती, तिचं बोलणं पक्कं लक्षात आहे. ती म्हणाली, पाहुण्यांसमोर आमची गोष्ट सांगू नका. आम्ही आयुष्यभर देणगीदारांसमोर उभं राहून कविता म्हटल्या आहेत. तुमच्या घरी आल्यावर तरी कविता म्हणायला लावू नका.

अटीही होत्या. मुलाची कागदपत्रं यजमानांनी आपल्या ताब्यात ठेवायची नाहीत. फोटो कुठेही टाकायचे नाहीत. मुलाने महिन्याला थोडे तरी पैसे द्यायचे, आमच्या बाबतीत ५०० रुपये ठरले. मला ते फार लागलं; घरी आलेल्या पोराकडून पैसे कसले घ्यायचे? पण ताई ठाम होती. फुकट राहणाऱ्याला भांडता येत नाही, म्हणाली.

आमच्याकडे राहिलेल्या दोन मुलांची खरी नावं इथे लिहिणार नाही. एकाने तशी अट घातली आहे आणि दुसऱ्याला विचारायची संधी मिळाली नाही. आले त्या क्रमाने आम्ही थोरला आणि धाकटा म्हणतो. वयाने ते उलटे होते, पण घरातलं थोरलेपण शेवटी यायच्या क्रमावर असतं.

थोरला जून २०२३ मध्ये आला, पावसात. अठरा वर्षं आणि चार महिने. फ्रीज-एसी दुरुस्तीचा आयटीआयचा कोर्स करून रबाळ्याच्या एमआयडीसीत शिकाऊ म्हणून लागला होता. विद्यावेतन आठ हजारांच्या आसपास. घणसोलीला चौघांच्या खोलीत एका खाटेला तेव्हा साडेचार-पाच हजार सांगत होते, वर डिपॉझिट. हिशेब करा.

पहिली रात्र मी विसरणार नाही. जेवण झालं, खोली दाखवली, पंखा कुठे, दिवा कुठे. साडेदहाला आम्ही दारं लावली. पहाटे पाणी प्यायला उठले तर पोरगा स्वयंपाकघरात, फ्रीजला पाठ टेकून, चटईवर झोपलेला. मी दचकले, तो माझ्याहून जास्त दचकला आणि "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" करत उठून उभा राहिला. बालगृहात चाळीस मुलं एका हॉलमध्ये झोपायची. कोणी खोकायचं, कोणी झोपेत बडबडायचं. एकट्याच्या खोलीत त्याला झोप येईना, म्हणून फ्रीजच्या आवाजाजवळ येऊन पडला. दोन मिनिटांनी, जरा धीर आल्यावर म्हणाला, "मॅडम, तुमचा कॉम्प्रेसर सारखा बंद-चालू होतोय. रिले गेलाय." पुढच्या रविवारी त्याने रिले बदलला. सामानाचे १८० रुपये झाले, ते त्याने ५०० मधून वळते करून घेतले आणि हिशेब कागदावर लिहून दिला. तो कागद ह्यांनी फ्रीजवर लावला, पत्रकाच्या जागी.

मॅडमवरून काकूवर यायला सात आठवडे लागले. ह्यांना तर तो तीन महिने 'सर' म्हणत होता आणि हे आत गेले की उभा राहायचा. जेवणाचं काहीही विचारलं तरी "चालेल". कारल्याची भाजी चालेल, शिळी पोळी चालेल, मुगाची खिचडी सलग तीन दिवस चालेल. माझा जीव उबगला त्या 'चालेल'ने. मग एकदा आमटीचा पहिला घास घेऊन त्याने हळूच विचारलं, "काकू, वरणात चुकून साखर पडलीय का?" आमच्याकडे आमटीत गूळ असतोच. तो बिचारा दोन महिने ती गोड आमटी गिळत होता. त्या दिवसापासून दोन पातेली. मला इतका आनंद झाला, की मी बंगळुरूला फोन करून मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, मीही पंधरा वर्षं सांगत होतो, गूळ कमी घाल."

मुलाचा विषय निघालाच आहे तर सांगते. तो सुरुवातीला फार चिडला होता. पेपरात काय काय येतं, तुम्ही दोघं एकटे, वगैरे. त्याहून खोलवर काहीतरी होतं, ते त्याच्या कपाटावरून बाहेर आलं. वरच्या दोन कप्प्यांत त्याची बक्षिसं, जुन्या वह्या. "रिकामं करू का?" विचारलं तर म्हणाला, "राहू दे ना, काय अडतंय." नाही अडलं. थोरल्याने चौदा महिने त्या कपाटाला हात लावला नाही. कपडे पिशवीत ठेवायचा. मी कितीदा म्हटलं, खालचे तीन कप्पे तुझे. "दादाचं आहे ना ते," एवढंच.

आता पत्त्याचं. मला वाटलं होतं, आपण पोस्टातले, आठवड्यात काम होईल. आधारच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र राजपत्रित अधिकारी, आमदार-खासदार किंवा नगरसेवकाच्या सहीने चालतं. नगरसेवक घराजवळचा, म्हणून तिकडे गेलो. पण ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, निवडणुका झाल्या नव्हत्या, कारभार प्रशासकाकडे होता. माजी नगरसेवकांनी फार आपुलकीने चहा पाजला, सहीही करायला तयार झाले. 'माजी'ची सही चालत नाही हे मलाच त्यांना सांगावं लागलं. राजपत्रित अधिकारी ओळखीचे होते. ते म्हणाले, मुलाला मी ओळखत नाही, तुम्हाला ओळखतो. त्यांचंही बरोबर होतं.

शेवटी रीतसर लिव्ह अँड लायसन्स करार केला. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही असं पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्रात लागते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची. महिन्याचं भाडं ५०० आणि नोंदणीची फी १,०००, एजंटचे वेगळे. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. थोरल्याचा अंगठा तीनदा उठेना. कामाने बोटं घासलेली. चौथ्यांदा उठला तेव्हा ह्यांनी टाळी वाजवली, एजंटला काही कळलं नाही. भाडेकरू म्हणून पोलिसांकडे नोंदही केली.

हे सगळं झालं आणि सोसायटी जागी झाली. सेक्रेटरींनी आधी विचारलं, आडनाव काय. मी सांगितलं. मग म्हणाले, म्हणजे कुठले? मी म्हटलं, ठाण्याचे. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं. आडनाव बालगृहाने लावलेलं, त्यावरून त्यांना हवी ती माहिती निघालीच नसती. खजिनदारांनी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज काढला, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते शुल्क. मी म्हटलं, आम्ही दोघं इथेच जेवतो, इथेच घोरतो, ऑक्युपन्सी यापेक्षा वेगळी काय असते? आणि लागू असता तरी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही. खरी भीती मात्र तिसरीच निघाली. आमची इमारत पुनर्विकासाला निघणार-निघणार असं आठ वर्षं चाललंय. उद्या या मुलाने जागेवर हक्क सांगितला तर? लिव्ह अँड लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी, तिने जागेत हक्क तयार होत नाही, मुदत संपल्यावर जागा सोडावी लागते; हे मी करार वाचून दाखवत समजावलं. अर्ध्यांना पटलं. उरलेले अजून जिन्यात भेटले की "बघा बुवा" म्हणतात.

करार घेऊन आम्ही आधार केंद्रात गेलो, म्हणजे माझ्याच जुन्या पोस्टात. काउंटरवर माझीच एकेकाळची सहकारी. पन्नास रुपये भरले, पावती घेतली. दोन आठवड्यांत कार्ड बदललं: वरती त्याचं नाव, खाली आमच्या इमारतीचं नाव, नौपाडा, ठाणे, ४००६०२. पिनकोड १९७२ मध्ये आला तेव्हा मी शाळेत होते आणि सहा आकडे पाठ करायचा कंटाळा यायचा. थोरला मात्र ते सहा आकडे मोठ्याने म्हणून बघत होता.

माझ्या हातून चूक झाली ती यानंतर. आधार झालं म्हणून पॅन कार्डाचा अर्ज केला होता. एका दुपारी स्पीड पोस्टने पाकीट आलं, त्याच्या नावाचं. आमच्या पत्त्यावर आलेलं त्याचं पहिलं टपाल. मला इतकं अप्रूप वाटलं, की मी ते फोडलं. दुसऱ्याचं पाकीट फोडणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. पोस्टात त्यापायी नोकऱ्या गेलेल्या आहेत. छत्तीस वर्षांत एक पोस्टकार्डसुद्धा मुद्दाम वाचलं नव्हतं. आणि घरात, माझ्याच टेबलावर, कात्रीने फोडलं.

पॅन कार्डावर वडिलांचं नाव असतं. त्याने आम्हाला सांगितलं होतं, मला कोणी नाही. कार्डावर एक पूर्ण नाव होतं. संध्याकाळी तो आला तेव्हा मी कार्ड पुढे केलं आणि वर, जीभ आवरली नाही, म्हटलं, "अरे, वडील आहेत का मग तुझे?"

त्याने कार्ड घेतलं. फाटलेलं पाकीट बघितलं. खोलीत गेला. दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही; जेवायला बसायचा, ताट धुवायचा, आत जायचा. तिसऱ्या दिवशी ताईची पंधरवड्याची भेट होती. मी आधीच सगळं सांगून टाकलं. ती मला काही बोलली नाही, त्याच्याशी तासभर बोलली. नंतर तो बाहेर आला आणि म्हणाला, "काकू, ते नाव मी ठेवलंय. पण त्यावर बोलायचं नाही." मी म्हटलं, बरं. मी माफी मागितली तेव्हा तो गोंधळून गेला. मोठ्या माणसाने माफी मागितल्यावर काय म्हणायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी म्हणाला, "चालेल."

ते वडील कोण, हयात आहेत का, नऊ वर्षांचा असताना तो कल्याण स्टेशनवर एकटा कसा सापडला, मला आजही माहीत नाही.

पुढचं वर्ष छान गेलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सकाळी सव्वासहाला डबा घेऊन ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर, पनवेल-वाशीकडच्या गाडीला. जानेवारी २०२४ मध्ये ऐरोलीच्या अलीकडे दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हा तो दोन मिनिटं उशीर होतो म्हणून अगदी मुरलेल्या ठाणेकरासारखा कुरकुरला. २० मे २०२४ ला लोकसभेचं मतदान. त्याचं पहिलंच. मतदार नोंदणीच्या वेळी मला कळलं, की बेघर माणसालाही नाव नोंदवता येतं. पत्त्याचा पुरावा नसला तर निवडणुकीचे कर्मचारी रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघतात. थोरल्याला तशी गरज पडली नाही. शाई लावलेलं बोट त्याने आठवडाभर जपलं.

ऑगस्टमध्ये कंपनीने त्याला कायम केलं आणि तो घणसोलीला दोन मित्रांबरोबर राहायला गेला. किल्ली परत द्यायला लागला, ह्यांनी घेतली नाही. ती त्याला आम्ही पहिल्याच आठवड्यात दिली होती. रविवारी येतो, स्वतः दार उघडून येतो आणि आधी फ्रीजला कान लावतो.

मधल्या काळात एक गोष्ट झाली, ती सांगायला हवी, कारण असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी एक दिवस विचारलं, पंधरा वर्षांची एक मुलगी आहे, घरातून निघून आलीय, तुम्ही पोरं ठेवता ना, हिला ठेवून घ्या. नाही ठेवता येत. अठराच्या आतलं मूल असं सापडलं, तर ते परस्पर घरात ठेवायचं नसतं, कितीही चांगल्या मनाने असो. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा किंवा पोलिसांना कळवायचं. चोवीस तासांत मूल बालकल्याण समितीसमोर जायला हवं आणि न कळवणं हा गुन्हा आहे. लहान मुलांसाठी घर द्यायचं असेल तर प्रतिपालनाची, म्हणजे फॉस्टर केअरची, वेगळी वाट आहे, समितीच्या आदेशाने. मी फोन लावून दिला. बाई माझ्यावर आठवडाभर रुसल्या होत्या.

धाकटा नोव्हेंबरमध्ये आला. वीस वर्षांचा. तो बालगृहात फार राहिलेला नव्हता. चौदाव्या वर्षी घर सोडलं, मग कधी संस्थेत, कधी स्टेशनवर. लग्नसराईत केटररकडे वाढप्याचं काम करायचा. बोलका, हसरा, पहिल्याच दिवशी "काकू, आमटी गोड आहे, बदला" म्हणणारा. करार त्याचाही केला, त्यात मी आता तरबेज होते. जनधन खातं उघडलं. सगळं थोरल्यापेक्षा लवकर झालं.

फक्त किल्ली दिली नाही. कोणी ठरवून नव्हे. म्हणजे, आम्ही तसं म्हणतो. ह्यांना त्याच सुमारास छातीत दुखून गेलं होतं, मी घाबरट झाले होते, आणि खरं सांगायचं तर हा स्टेशनवर राहिलेला आहे हे डोक्यातून जात नव्हतं. "आला की बेल वाजव, आम्ही उठतो," असं मी फार प्रेमाने सांगितलं.

लग्नांची कामं रात्री दोनला, तीनला संपतात. पहिल्या दोन-तीन वेळा त्याने बेल वाजवली. ह्यांनी उठून दार उघडलं. नंतर बेल वाजेना. सकाळी साडेपाचला दूधवाल्याबरोबर तो दारात उभा असायचा, "आत्ताच आलो." मला वाटलं, काम लांबतंय. अठराव्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला: तुमच्याकडचा मुलगा रोज रात्री गच्चीच्या जिन्यावर झोपतो, लोक घाबरतात.

त्याच रविवारी थोरला आला होता, स्वतःच्या किल्लीने दार उघडून. धाकटा सोफ्यावर बसला होता. त्याने ते पाहिलं. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कामाला गेला तो आलाच नाही. पिशवी नेली, पांघरूण घडी करून ठेवलं, त्यावर ५०० रुपये. एकोणीस दिवसांचे.

ताई आली. मी तिला जिन्याचं सांगितलं. आमच्या घरात राहत असताना तो आमच्याच जिन्यावर झोपत होता. ह्यांच्या झोपेसाठी. ती म्हणाली, पुढच्या वेळी पहिल्या दिवशी किल्ली. बस, एवढंच. मला वाटतं तिने ओरडायला हवं होतं.

जानेवारीत त्याच्या बँकेचं पाकीट आलं. डेबिट कार्ड असणार, हाताला कळतं. आमच्या बीटचा पोस्टमन मला ओळखतो. म्हणाला, "मॅडम, हा तर आता इथे नसतो ना? 'लेफ्ट' टाकू?"

मी म्हटलं, "कामावर गेलाय. डिलिव्हरीला ठेव सात दिवस."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पाकीट पिशवीत परत टाकलं. मी ताईला फोन केला. तिचे रात्री स्टेशनवर फिरणारे कार्यकर्ते आहेत, त्यांना निरोप गेला. पाचव्या दिवशी दुपारी पोस्टमनने खालून हाक मारली आणि त्याच्या मागोमाग जिन्यावर धाकटा. बारीक झाला होता. दारातच सही केली, पाकीट घेतलं, न फोडता शर्टाच्या आत टाकलं. मी किल्ली आणून पुढे धरली. एक तयार करून ठेवली होती, डिसेंबरमध्येच.

"नको काकू. माझ्याकडून हरवेल."

"मग जेवून तरी जा."

"दुपारचं काम आहे, कळव्याला." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "बँकेत पत्ता हाच राहू दे का?"

"राहू दे," मी म्हटलं.

खालच्या मजल्यावर कोणीतरी दार किलकिलं केलं आणि पुन्हा लावून घेतलं. तो तोवर रस्त्यावर पोचला होता.